तक्रार: तुमच्या बॅकअप ॲपने आमच्या क्लाउडची सीक्रेट की साध्या फाईलमधे ठेवलीय

नमस्कार सपोर्ट टीम,

आमचं सांगलीत टॅक्स आणि अकाउंट्सचं छोटं ऑफिस आहे, तुमचा पेड प्लॅन घेतलाय, क्लायंटचे पॅन, आधारच्या कॉप्या, बँक स्टेटमेंट सगळं तुमच्या ॲपमधून आमच्या एस-थ्री बकेटमधे, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडवरच्या आमच्या साठ्यात जातं. परवा नवीन पीसीवर सेटअप करताना तुमची कॉन्फिग फाईल (ॲपची सेटिंग्ज ठेवणारी) नोटपॅडमधे उघडली तर त्यात ॲक्सेस की आणि खालच्याच ओळीत सीक्रेट की, म्हणजे त्या बकेटचं युजरनेम आणि पासवर्डच म्हणा. ते गिचमिड दिसतं खरं पण नुसतं बेस६४ आहे, म्हणजे अक्षरं फक्त वेगळ्या रूपात लिहिलेली, कुणीही एका कमांडमधे उलगडेल, याला एन्क्रिप्शन म्हणत नाहीत.

तिकीट टाकलं तर उत्तर आलं की विंडोजला पासवर्ड ठेवा आणि बिटलॉकर (विंडोजचं अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करणारं फीचर) चालू करा. अहो लॅपटॉप बंद असताना चोरीला गेला तर बिटलॉकर कामाचा. मशीन चालू आहे, माणूस लॉगिन आहे आणि कुणी मेलमधलं खोटं इनव्हॉइस उघडलं की आत शिरलेला व्हायरस अशाच फाईली हुडकत फिरतो, तिथे बिटलॉकर काय करणार? आणि ही की आपण स्वतः बंद करेपर्यंत चालते, वेगळी पॉलिसी लावली नसेल तर ओटीपी न मागता, जगात कुठूनही.

सगळ्यात वाईट म्हणजे तुमचं ॲप पूर्ण युजर फोल्डरचा बॅकअप घेतं, म्हणजे ही फाईलपण वर जाते. बकेटमधे बघितलं तर प्रत्येक मशीनची की तिथे पडलेली! आमच्या असिस्टंटला फक्त फाईल बघायची परवानगी आहे, पण त्याने ही फाईल उघडली तर सगळं डिलीट करता येईल अशी की त्याच्या हातात, मग परवानग्या लावून उपयोग काय.

पासवर्ड सुरक्षित ठेवायला विंडोजमधे क्रेडेन्शियल मॅनेजर आहे, मॅकमधे कीचेन आहे, फुकट आहे, ते का वापरत नाही? त्याच लॉगिनखाली चालणारा प्रोग्रॅम तिथलंही वाचू शकतो हे मला माहितीय, पण निदान फाईल उचलून दुसऱ्या मशीनवर नेली तर उघडणार नाही आणि बॅकअपमधे उघडी की जाणार नाही. खरं तर कायमची की मागूच नका, ब्राउझरमधून लॉगिन करून तासाभरात संपणारं टोकन (तात्पुरती की) घ्या, ॲमेझॉनने ती सोय कधीच दिलीय.

२०२३ च्या डेटा प्रोटेक्शन कायद्यात सुरक्षेची काळजी घेतली नाही तर २५० कोटींपर्यंत दंड आहे. क्लायंटचा डेटा फुटला तर ते तुम्हाला नाही, आम्हाला विचारणार, आणि त्यांनी विश्वासाने कागद दिलेत.

आम्ही सगळ्या जुन्या की बंद केल्यात, बकेटमधल्या त्या फाईली त्यांच्या जुन्या व्हर्जनसकट काढल्यात आणि ॲप थांबवलंय. कुठल्या व्हर्जनमधे दुरुस्त करणार ते लेखी कळवा, बाकीच्या ग्राहकांनाही की बदलायला सांगा, आणि या महिन्यात होणार नसेल तर उरलेल्या प्लॅनचे पैसे परत करा.

आपला,
टीम प्लॅनचा ग्राहक, सांगली