पैसे घेऊन उभे आहोत, चित्रपट द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

१९८५पासून १९ वर्षं मी नारायण पेठेत व्हिडिओ लायब्ररी चालवली. चित्रपटांच्या चोरीवरच्या सध्याच्या चर्चेबद्दल त्या अनुभवातून लिहितो आहे.

२०२३च्या सिनेमॅटोग्राफ कायदा दुरुस्तीनुसार थिएटरात चोरून चित्रीकरण करणाऱ्याला किमान ३ महिने कैद आणि ३ लाख रुपये दंड आहे. हे योग्यच झालं. पहिल्या शुक्रवारीच चित्रपट मोबाइलवर फिरू लागला, तर मराठी निर्माता कायमचा बसतो.

पण नुसत्या कायद्याने चोरी थांबत नाही, हे मी गल्ल्यावर बसून पाहिलं आहे. १९८४ साली कॉपीराइट कायदा कडक झाला. हक्क कोणाचे, त्याचं नाव-पत्ता कॅसेटच्या वेष्टणावर छापणं सक्तीचं झालं. तरी नकली कॅसेटी यायच्याच. पडद्यावर पांढऱ्या रेघा, आवाज घोगरा, आणि व्हीसीआरचं (कॅसेट लावायच्या यंत्राचं) हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पुसून मी थकायचो. चांगली ओरिजिनल प्रत वेळेवर मिळाली की गिऱ्हाईक १० रुपये भाडं खुशीने देऊन तीच न्यायचं. व्हिडिओ थिएटरं बुडवणार, अशी ओरड तेव्हा सगळीकडे होती. अमेरिकेत तर युनिव्हर्सल आणि डिस्ने हे बडे स्टुडिओ, टीव्हीवरचे चित्रपट घरी कॅसेटवर उतरवून घेणाऱ्या सोनीच्या रेकॉर्डरविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि १९८४मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी हरले. पुढे त्याच कॅसेटींनी हॉलिवूडला तिकीटबारीपेक्षा जास्त कमावून दिलं.

गेल्या दिवाळीत पत्नीला १९७४चा एक मराठी चित्रपट पाहायचा होता. आम्ही तीन अ‍ॅपचे पैसे भरतो, एकातही तो नाही. आप्पा बळवंत चौकापासून लक्ष्मी रोडपर्यंत डीव्हीडी शोधली, मिळाली नाही. नातवाने दोन मिनिटांत चोरीची प्रत काढून दिली, गाणी कापलेली. मी ती बंद करायला लावली. पत्नी काही बोलली नाही, उठून आत गेली.

प्रदर्शनानंतर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे हा चित्रपट २०३४ संपेपर्यंत दुसरं कोणी कायद्याने आणू शकत नाही. मग ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांनी तो ३०-४० रुपये भाड्याने का ठेवू नये?

माझ्या कपाटात अजून १४० मराठी कॅसेटी आहेत. दर पावसाळ्यानंतर त्यांची बुरशी पुसतो. त्यातल्या एखाद्या चित्रपटाची चांगली प्रत निर्मात्याकडे उरली नसेल, तर माझी कॅसेट मी स्वतः नेऊन देईन.

— एक माजी व्हिडिओ लायब्ररीचालक,
नारायण पेठ, पुणे