न पाहता दिलेले उत्तर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझी दोन पत्रे माझ्या टेबलावर पडून आहेत. दुसऱ्या पत्राच्या शेवटी तू "जिवंत असलास तर कळव" असे लिहिले होतेस, त्यालाही आता आठ महिने होऊन गेले. जिवंत आहे. साखर थोडी वाढली आहे, डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला, बाकी ठीक. उशिराबद्दल क्षमा मागत नाही, कारण तू ती करणार नाहीस आणि मग त्या वादातच चार पाने खर्ची पडतील. आज लिहायला बसलो आहे ते गेल्या महिन्यात घडलेल्या एका प्रसंगामुळे. घरी सांगितला तेव्हा "मग त्यात एवढे काय झाले?" असे उत्तर मिळाले, आणि लंबूला सांगितला तेव्हा तो नुसताच हसला. तुला मात्र पुढचे फारसे समजावून सांगावे लागणार नाही, कारण त्यातला अर्धा भाग तुझाच आहे.

माझ्याकडे एक मुलगी गुरुत्वीय लहरींवर, म्हणजे अवकाशकाळात उठणाऱ्या सूक्ष्म कंपांवर, पीएच.डी. करते आहे, शेवटचे वर्ष. एका दुपारी ती लॅपटॉप घेऊन आली आणि अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या 'लायगो'च्या दोन डिटेक्टरांची, शेजारी शेजारी लावलेली दोन चित्रे तिने माझ्यासमोर धरली. काळ आडवा, वारंवारिता उभी, गडद निळी पार्श्वभूमी, आणि दोन्हींत जवळजवळ एकाच क्षणी उमटलेला एक उभट, पिवळा ठिपका, पावसाच्या थेंबासारखा. दोहोंतील अंतर दहा मिलिसेकंदांच्या आतले, म्हणजे एकच लहर दोन्ही डिटेक्टरांवरून गेली असे म्हणायला जागा होती. मी चष्मा कपाळावरून खालीसुद्धा ओढला नाही. "ब्लिप आहे, सोडून दे," असे म्हणालो, म्हणजे यंत्रातच उठलेला क्षणिक गोंगाट. तिने विचारले, "दोन्हीकडे, एकाच वेळी?" मी म्हणालो, "कावळा बसायला आणि फांदी मोडायला." (हॅनफर्डला डोमकावळ्यांनी नळीवरचा बर्फ टोचून टोचून खरोखरच डिटेक्टरमध्ये गोंगाट माजवला होता, हे कळल्यापासून ही म्हण मी जरा जास्तच वापरतो.) त्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "आणि खरं असलं तर?"

मित्रा, हे तुझे वाक्य आहे. शब्द तेच आणि शेवटी किंचित वर जाणारा तो त्रासदायक सूरही तोच. सप्टेंबर २०१० मध्ये 'बिग डॉग' असे टोपणनाव पडलेल्या संकेताचा आलेख आपल्यासमोर होता तेव्हा तू हेच म्हणाला होतास, आणि मी तेव्हाही असाच अर्ध्या मिनिटात निकाल दिला होता. तू म्हणालास खरी लहर, मी म्हणालो गोंगाट, आणि मिशीची पैज लागली. सहा महिने सगळ्यांनी रात्रंदिवस विश्लेषण केले, शोधनिबंधाचा मसुदासुद्धा तयार झाला, आणि मार्च २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आर्केडियात, बैठकीत सर्वांसमोर गुपिताचे पाकीट उघडले तेव्हा कळले की तो संकेत आपली परीक्षा पाहण्यासाठी मुद्दाम पेरलेला होता. म्हणजे तूही चुकलास आणि मीही चुकलो. तरी परत येताना तू तीन तास एक शब्द बोलला नाहीस, आणि अखेर बोललास तो एवढाच, की माझे चुकणे तुझ्या चुकण्यापेक्षा वाईट प्रतीचे होते. तेव्हा मला ते निव्वळ हरलेल्या माणसाचे बोलणे वाटले. "तू शंकासुर आहेस, आणि शंकासुराला निदान शंका तरी येते, तुला तीही येत नाही," असे तू म्हणाल्याचे मला आजही आठवते, आणि माझा राग त्या शेवटच्या अर्ध्या वाक्याचा होता.

आता पुढचे ऐक. ती मुलगी मला न सांगता तीन आठवडे त्या ठिपक्यांच्या मागे लागली. एका डिटेक्टरची नोंद दुसऱ्याच्या तुलनेत पुढे-मागे सरकवून निव्वळ योगायोगाने असे जोडठिपके किती वेळा मिळतात हे तिने मोजले. मग भूकंपमापके, मायक्रोफोन, आरशांचे नियंत्रण, लेसरची स्थिरता अशा शेकडो पूरक वाहिन्या एकेक करून चाळल्या. बहुतेक ब्लिपांना साक्षीदार नसतो, हे तू जाणतोसच. ते कुठून येतात हे कोणालाच नीट सांगता येत नाही, म्हणूनच तर आपण त्यांना शिव्या घालत असू. तिच्या ठिपक्यांपैकी एकाला मात्र साक्षीदार निघाला. एका पूरक वाहिनीत त्याच क्षणाच्या किंचित आधी एक धक्का होता, आणि त्याच महिन्यात इतरत्रही तो धक्का आला की मागोमाग तसाच ठिपका उमटलेला होता. म्हणजे लहर नव्हतीच, पण ब्लिपही नव्हता. शोधता येणारा, दुरुस्त करता येणारा एक दोष होता, आणि मी तो "सोडून दे" म्हणालो होतो. सगळे आलेख नीट क्रमाने लावून ती माझ्यापुढे बसली आणि अत्यंत आदराने म्हणाली, "सर, तुमचं उत्तर बरोबर होतं, पण तुम्ही पाहिलं नव्हतं."

त्या दिवसापासून मला नीट झोप लागत नाही, आणि साखरेचा त्याच्याशी संबंध नाही.

तू म्हणशील, उत्तर बरोबर आले ना, मग रड कशाची? रड अशी की आपल्याला घडवलेच संशयाने. सरांनी पहिल्याच दिवशी जोसेफ वेबरची गोष्ट सांगितली होती. १९६९ मध्ये त्याने लहरी सापडल्याचे जाहीर केले, मग इतरांनी तशीच अॅल्युमिनियमची दंडगोलाकार यंत्रे बांधली आणि कोणालाच काही मिळाले नाही, आणि ज्याने हे क्षेत्र उघडले त्याचेच नाव पुढे इशाऱ्यासारखे घेतले जाऊ लागले. डिटेक्टरच्या चार किलोमीटरच्या भुजेच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाहूनही शेकडो पट लहान फरक पाहायचा म्हटल्यावर अविश्वास हाच आपला मुख्य धंदा ठरतो, हे मला मान्य आहे, आणि त्या धंद्याचा मला अभिमानही आहे. २०२५ च्या जानेवारीच्या १४ तारखेला विलीन होणाऱ्या कृष्णविवरांची जी जोडी नोंदली गेली ती वस्तुमानाने २०१५ च्या पहिल्या जोडीसारखीच होती, पण संकेत गोंगाटाच्या वर तेव्हापेक्षा तिपटीहून अधिक उठून दिसला, तो इतका की विलीन झालेल्या कृष्णविवराचा घंटेसारखा विरत जाणारा नाद तपासून हॉकिंगचा क्षेत्रफळाचा सिद्धान्त (विलीनीकरणात कृष्णविवरांचे एकूण पृष्ठफळ कमी होत नाही, हा) पडताळता आला. भारतीय शास्त्रज्ञ विश्वेश्वरांनी १९७० मध्ये कागदावर मांडलेला तो नाद! आकाश तेच होते, दहा वर्षांत कमी झाला तो आपला गोंगाट, आणि त्यासाठी माझ्यासारखी कितीतरी माणसे आयुष्यभर कोपरे झाडत राहिली. एवढी बढाई तू मला मारू द्यावीस.

पण त्याच धंद्याची दुसरी बाजू मी वर्गात स्वतःच शिकवतो आणि स्वतःला लावत नाही. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाची लहर आली तेव्हा विलीनीकरणाच्या जेमतेम १.१ सेकंद आधी लिव्हिंग्स्टनमध्ये एक मोठा खडखडाट झाला, आणि स्वयंचलित यंत्रणेने तिथली नोंद आपोआप बाजूला काढली. माणसांनी डोळ्यांनी आलेख पाहिला तेव्हा त्या खडखडाटामागून चढत जाणारी ती रेघ लख्ख दिसली. तसेच २१ मे २०१९ चे. ती कृष्णविवरांची जोडी इतकी जड होती की संकेत अवघा दशांश सेकंद टिकला, मोजून चारेक आवर्तने, दिसायला जवळजवळ ब्लिपच, आणि विलीन झालेले कृष्णविवर वस्तुमानाने सूर्याच्या सुमारे १४२ पट निघाले. ती चित्रे त्या दुपारी माझ्यासमोर आणली असती तर मी काय म्हटले असते? चष्मा खाली ओढला असता का? संशय घ्यायचा तर आधी पाहावे लागते. मी पाहणे कधी सोडले ते मला आठवत नाही, आणि खरी काळजी हीच आहे.

आणखी एक कबुली राहिली आहे. १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर नोंदली गेली, त्या दिवसाच्या माझ्या वहीत त्या नोंदीपुढे "पेरणी?" असे लिहिलेले आहे. ते पान मी गेली दहा वर्षे विद्यार्थ्यांना दाखवतो आणि शास्त्रज्ञाने कसे सावध असावे यावर दोन वाक्ये बोलतो. आलेख समोर ठेवून निघताना या मुलीने टेबलावरची ती वही पाहिली आणि निरागसपणे विचारले, "सर, प्रश्नचिन्ह वेगळ्या शाईत का आहे?" ते मी चार दिवसांनी घातले होते, मित्रा. त्या दिवशी कोणीही काही पेरलेले नव्हते हे मला सांगितले गेले तेव्हा घातले. मूळ शब्द नुसता "पेरणी" होता, आणि तो लिहून मी वही मिटली होती.

आता तुझ्या फोनचे. जानेवारी २०१६ मध्ये अफवा पसरल्या तेव्हा तू विचारलेस, "काही मिळालं का रे?" आणि मी म्हणालो, "नेहमीचाच गोंगाट." लहर सापडल्याचे ११ फेब्रुवारीला तुला टीव्हीवरून कळले. गुप्ततेचे बंधन होते हे खरे, आणि तू त्यावर कधी एक अक्षर काढले नाहीस हेही खरे. पण "सांगता येत नाही" एवढे म्हणता आले असते, आणि तू लगेच ओळखून गप्प बसला असतास. मी "गोंगाट" म्हणालो, कारण तोच शब्द माझ्या तोंडात बसलेला होता.

हे सगळे आत्ताच का उगाळतो आहे, तर ती मुलगी प्रबंधानंतर हे क्षेत्र सोडते आहे. चांगली नोकरी मिळते आहे, माझ्याकडे शिफारसपत्र मागितले आहे. मी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली की कारण काही विशेष नाही. २०११ मध्ये तूही असेच म्हणाला होतास. साच्यांचे, म्हणजे नोंदीशी ताडून पाहायच्या अपेक्षित लहरींच्या नमुन्यांचे, तुझे काम तेव्हा ऐन भरात होते, आणि धुरंधर-सत्यप्रकाशांच्या त्याच विषयावरच्या १९९१ च्या निबंधाच्या समासात तू लिहिलेली टिपणे अजून माझ्या कपाटात आहेत. तुझे कारण खरोखर विशेष नव्हते का? घराची, पैशाची अडचण होती हे मला ठाऊक आहे, ते पुन्हा लिहू नकोस. मी फक्त एवढेच विचारतो आहे, की त्या अर्ध्या-अर्ध्या मिनिटांचा त्यात काही वाटा होता का. असल्यास स्पष्ट लिही. शिफारसपत्राचे दोन मसुदे मी फाडले आहेत. दोन्हींत तिच्यापेक्षा माझ्याबद्दलच अधिक होते.

तुझा गुडघा आता कसा आहे? धाकटीचे लग्न ठरल्याचे लंबूकडून कळले, फार आनंद झाला. नव्या नोकरीत थोरला रुळला असेल. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
शंकासुर

ता. क. पैजेतली मिशी मी गेल्या वर्षी काढली. पांढरी झाली म्हणून काढली, पण तू ती तुझ्या खात्यात जमा धरायला हरकत नाही.