ऑर्डर कपाटात ठेवू नका

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर छोटीच्या नवऱ्याविरुद्धच्या कोर्टाच्या ऑर्डरचा विषय काढला की बाबा चिडतात, आई रडते आणि मागे छोटी गप्प बसून सगळं ऐकत असते, म्हणून टाईप करून पाठवतेय. लांबलचक झालंय, चष्मा लावून निवांत वाचा आणि प्लीज फॅमिली ग्रुपवर टाकू नका, आत्याचा लगेच फोन येईल.

बाबा, तुम्ही परवा म्हणालात की एवढे कोर्टाचे हेलपाटे घातले, वकिलांची फी भरली आणि हातात आलं काय तर एक कागद, कागदाने माणूस थांबतो का. नाही थांबत. कागद काही दारात उभा राहून कोणाचा हात धरत नाही. पण मग तो असतो कशासाठी ते एकदा बघा, कारण मला दाट शंका आहे की आपल्या घरात छोटी सोडून कोणीच ती ऑर्डर शेवटपर्यंत वाचलेली नाहीये.

आठवा, ऑर्डर यायच्या आधी तो रस्त्यात आडवा आला, तिच्या ऑफिसबाहेर गाडी लावून बसला की आपण पोलीस स्टेशनला जायचो आणि काय व्हायचं? एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद. वर सल्ला, नवरा-बायकोचं भांडण आहे, घरात बसून मिटवा. आता २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली मॅजिस्ट्रेटनी संरक्षण आदेश दिलाय आणि तो मोडणं हाच वेगळा गुन्हा आहे, कलम ३१, एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दखलपात्र, अजामीनपात्र. म्हणजे पोलीस वॉरंट नसताना उचलू शकतात आणि जामीन स्टेशनातच मिळत नाही, कोर्टात मागावा लागतो. आणि छोटीला परत पहिल्यापासून सांगत बसायला नको की त्याने कधी, किती, कशाने मारलं. मनाई असताना तो आला किंवा त्याने मेसेज केला, एवढंच दाखवायचं.

त्यात त्याची सरकारी नोकरी. ४८ तासांच्या वर कोठडीत राहिला तर निलंबन, हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं माहितीये. तो घाबरतो ते त्याला. छोटीला नाही, तुम्हाला तर नाहीच. ज्याच्याकडे गमवायला काहीतरी आहे त्याला अशी ऑर्डर बऱ्यापैकी आवरते असं माझं मत झालंय. ज्याने सगळंच सोडून दिलंय, जेलची पण पर्वा नाही, त्याचं मी छातीठोक सांगणार नाही, तसा असता तर मी छोटीला तुमच्याकडे राहूच दिलं नसतं, त्याला पत्ता लागणार नाही अशा ठिकाणी हलवली असती.

आई, तू हिंगणघाटचं उदाहरण देतेस. फेब्रुवारी २०२० मध्ये त्या प्राध्यापक मुलीला भर रस्त्यात पेटवलं ते आठवून माझ्या पण अंगावर काटा येतो. पण तो तिचा नवरा नव्हता, एकाच गावातला, मागे लागलेला माणूस होता. हा कायदा घरातल्या नात्यांपुरता आहे, त्यामुळे तिला छोटीसारखी ऑर्डर मिळायची सोयच नव्हती. बाहेरच्या माणसाने पाठलाग केला तर गुन्हा नोंदवायचा, पूर्वीचं दंड संहितेचं कलम ३५४ ड, आता न्याय संहितेचं ७८, आणि पहिल्यांदाचा गुन्हा जामीनपात्र, म्हणजे सकाळी धरला की संध्याकाळी गल्लीत हजर. नाहीतर पोलीस चॅप्टर केस, म्हणजे प्रतिबंधक कारवाई करून, नीट वागण्याचा बाँड लिहून घेतात. ही कायद्यातली मोठी फट आहे आणि त्याचा मला भयंकर राग आहे, पण ते आपल्या केसला लावू नकोस.

आता खरं बोलायचंय ते. आई, तो गेल्या आठवड्यात मावशींना पुढे करून आला आणि तू त्याला आत घेऊन पोहे केलेस. मला कळतं गं, जावई दारात उभा राहिला की तुझ्याच्याने दार लावलं जात नाही. पण ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहिलंय की त्याने त्या घरी यायचं नाही, तिच्या कामाच्या ठिकाणी जायचं नाही, पिंट्याच्या शाळेत जायचं नाही, फोन, मेसेज, चिठ्ठी, कशानेही संपर्क करायचा नाही. आणि पुढचं वाच, तिला मदत करणाऱ्या नातेवाईकांना पण त्रास द्यायचा नाही. म्हणजे त्यात तू आणि बाबा आहात. तू घरात घेतलंस म्हणून ऑर्डर रद्द होत नाही, ती मागे घ्यायचा अर्ज छोटीच करू शकते, किंवा परिस्थिती बदलली म्हणून मॅजिस्ट्रेट ती बदलू किंवा रद्द करू शकतात. पण त्याचा वकील उद्या कोर्टात म्हणणार, बघा साहेब, येणं-जाणं आहे, पाहुणचार होतो, भीती कसली? आणि त्याला स्वतःला काय कळलं, तर आलो, बसलो, खाऊन गेलो, काही झालं नाही. पुढच्या वेळी तो रात्री येईल.

आणि हे मी उगाच घाबरवत नाहीये. वकील मॅडमनी मला अमेरिकेतला एक अभ्यास सांगितला, सिएटल शहरातला, २००२ मध्ये छापून आलेला. ज्या बायकांना कायमची ऑर्डर मिळाली त्यांच्या बाबतीत पुढच्या वर्षभरात पोलिसांपर्यंत गेलेली मारहाण जवळजवळ ८० टक्क्यांनी कमी होती, आणि ज्यांना फक्त तात्पुरती होती त्यांचा मानसिक छळ उलट जास्त झाला होता. तिकडचे पोलीस वेगळे, कायदा वेगळा, मान्य. पण छोटीची अजून अंतरिमच, म्हणजे तात्पुरतीच आहे ना. कायद्यात ६० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करा असं लिहिलंय, इथे तारखेवर तारीख चाललीये, आणि हाच काळ तो चाचपून बघायचा आहे.

बाबा, मावशी म्हणतात तसं "मिटलं" असं लिहून द्यायचं तर डोक्यातून काढाच. वसईच्या त्या श्रद्धा वालकरने २०२० मध्ये पोलिसांना लेखी दिलं होतं की मी ज्याच्यासोबत राहते तो मला मारून तुकडे करीन म्हणतो. मग तक्रार नाही म्हणून लिहून दिलं, फाईल बंद. २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला, ते तुम्हीच टीव्ही लावून बघत होतात. छोटीला मागे घ्यायचं असेल तर ती घेईल, तिची केस आहे, पण चार नातेवाईकांनी सोफ्यावर बसून ठरवायचं नाही.

तर आता एवढं करा. ऑर्डर देवघराच्या कपाटातून बाहेर काढा. कोर्टाकडून पोलीस स्टेशनला प्रत जायला पाहिजे, पण आपल्याकडच्या ठाणे अंमलदारांना छोटीने विचारलं तर ते म्हणाले आम्हाला काही आलेलं नाही, म्हणून बाबा तुम्ही स्वतः एक प्रत अर्जासोबत द्या आणि आपल्या कॉपीवर पोच म्हणून शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय उठू नका, उद्या या म्हणाले तरी. एक प्रत शाळेत बाईंकडे, एक छोटीच्या ऑफिसात, एक समोरच्या काकूंकडे, त्यांच्या कॅमेऱ्यात आपलं गेट दिसतं. संरक्षण अधिकारी मॅडमचा नंबर तुमच्या दोघांच्या फोनमध्ये मी मागच्या वेळी सेव्ह केलाय. तो आला तर दार उघडायचं नाही, वाद घालायचा नाही, ११२ लावायचा आणि "कोर्टाचा मनाई हुकूम आहे, तो मोडतोय" हे वाक्य आधी बोलायचं, बाकीची कहाणी नंतर. त्याचे मेसेज डिलीट करायचे नाहीत, कितीही घाणेरडे असले तरी. मावशींच्या फोनवरून आलेले पण.

मी रविवारी सकाळी येतेय, मावशींशी मी बोलते, तुम्ही मध्ये पडू नका. आणि बाबा, सर्टिफाईड कॉपीला लॅमिनेशन करू नका, मला माहितीये तुमच्या डोक्यात तेच चाललं असणार.

तुमची,
ताई