कागद नेमणुकीआधी उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

न्यायमूर्ती होऊ घातलेल्या माणसाने सरकारी नोकरीत असताना काय लिहिले, कशावर सही केली, हे लोकांना नेमणुकीआधी कळले पाहिजे. नंतर कळून काय उपयोग?

अमेरिकेत २०१८ साली ब्रेट कॅव्हनॉ यांची सर्वोच्च न्यायालयावर नेमणूक झाली, त्या वेळी नेमके उलटे घडले. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या वॉटरगेट घोटाळ्यानंतर १९७८ साली तिथे कायदा झाला, की राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचे दप्तर जनतेच्या मालकीचे. कारकीर्द संपल्यावर ५ वर्षांनी ते कोणालाही मागता येते. सल्लागारांशी झालेली गोपनीय चर्चा मात्र १२ वर्षांपर्यंत झाकता येते. कॅव्हनॉ राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या व्हाइट हाउसमध्ये २००१ ते २००६ होते आणि बुश यांची कारकीर्द २००९ साली संपली, म्हणजे ही मुदत २०२१ पर्यंत. नेमणुकीला मंजुरी देणाऱ्या सिनेटच्या समितीला त्याआधीही कागद मिळू शकतात आणि तिने ते मागितलेही. सुमारे ९ लाख पाने तपासायला ऑक्टोबरअखेर उजाडेल, असे राष्ट्रीय अभिलेखागाराने कळवले. समिती थांबली नाही. बुश यांच्याच वकिलांनी चाळून दिलेल्या पानांवर काम भागवले. ट्रम्प यांच्या व्हाइट हाउसने १ लाखाहून अधिक पाने रोखली. ४ सप्टेंबरच्या सुनावणीच्या आदल्या रात्री ४२ हजार पाने समितीच्या हाती पडली. ती रातोरात वाचायची कोणी? कॅव्हनॉ स्टाफ सेक्रेटरी, म्हणजे राष्ट्राध्यक्षांकडे जाणारे कागद हाताळणारे अधिकारी, असतानाच्या ३ वर्षांचे दप्तर तर समितीच्या अध्यक्षांनी मागवलेच नाही. ६ ऑक्टोबरला ५० विरुद्ध ४८ मतांनी नेमणूक झाली, तीही तहहयात.

मी ३१ वर्षे अभिलेख कक्षात काढली. नकलेचा अर्ज आला की लाल रुमाल सोडायचा, पाने मोजायची, परत बांधायचा. एकदा फेरफाराच्या एका प्रकरणात, ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याचाच माणूस साहेबांच्या निरोपाने बस्ता चाळायला बसला. संध्याकाळी मी मोजले, तर पान ४७ नंतर थेट ५२. अमेरिकेत पाने गहाळ झाली असे मी म्हणत नाही. पण ज्याचे हितसंबंध गुंतले आहेत त्याच्या हाती रुमाल द्यायचा नाही, एवढे साध्या कारकुनालाही कळते.

आपल्याकडे तर सुनावणीच नाही. न्यायमूर्तींची नावे सुचवणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाच्या, म्हणजे कॉलेजियमच्या, बैठकीतली चर्चा माहिती अधिकारात मिळणार नाही, फक्त अंतिम ठराव जाहीर होईल, असे सर्वोच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २०२२ रोजी सांगितले. त्यामुळे एखाद्या नावावर आक्षेप आले होते का, हे बाहेरच्याला कळायचा हक्काचा मार्ग उरत नाही. याचे मला फार वाईट वाटते.

अमेरिकेच्या कायद्यात एक कलम वाढवायला हवे: अभिलेखागाराची तपासणी पूर्ण होऊन कागद खुले होईपर्यंत सुनावणी लावायची नाही. आणि आपण निदान शिफारस झालेल्या व्यक्तीने सरकारची बाजू कोणकोणत्या खटल्यांत मांडली, याची यादी नेमणुकीआधी प्रसिद्ध करण्यापासून सुरुवात करावी. ते खटले खुल्या न्यायालयातच चाललेले असतात.

आपला,
एक निवृत्त अभिलेखपाल, सातारा