कबुतरबंदीच्या ठरावाबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
गृहनिर्माण सहकारी संस्था, आर्वी, जि. वर्धा

विषय : पाळीव रोलर कबुतरांवर बंदीऐवजी अटी घालण्याबाबत

महोदय,

येत्या सभेत ले-आउटमधली सगळीच कबुतरे बंद करण्याचा ठराव येणार आहे. जिन्यात आणि पाण्याच्या टाकीखाली घाण करतात ते पारवे. त्यांना आपणच गच्चीवर दाणा टाकून पोसतो. तो थांबवून टाकीखाली जाळी ठोकली की ते कमी होतील. रोलर, म्हणजे हवेत मागे पलट्या खाणारी पाळीव कबुतरे, उडून आपल्या ढाबळीतच (खुराड्यातच) उतरतात, म्हणून त्यांच्यासाठी वेगळ्या अटी ठेवाव्यात.

एका घरी वीसच्या वर पक्षी नकोत. एवढ्यांना ६ बाय ४ फुटांची, ६ फूट उंच ढाबळ पुरते. तिला अर्ध्या इंचाची जाळी हवी आणि तळ पायांवर जमिनीपासून फूटभर वर, म्हणजे उंदीर आणि साप सहज शिरत नाहीत. टिनाखाली मे महिन्यात पक्षी धापा टाकतात, त्यामुळे वर बांबूचा तट्टा हवाच. उडवायचे सूर्योदयाला, उपाशीपोटी. भुकेला पक्षी शिट्टीवर खाली येतो, पोट भरलेला शेजारच्या छतावर बसून राहतो. दाणा उतरल्यावर, गव्हाणीत, दर पक्ष्यामागे २५ ते ३० ग्रॅम, त्यात ज्वारी जास्त. सांडला तर पारवे येणारच.

खरी गोची संख्येची आहे. मादी दोन अंडी घालते, १८ दिवसांत पिल्ले निघतात आणि ती महिन्याची होईस्तोवर पुढची अंडी पडतात. अंडी नुसती उचलली तर मादी आठ-दहा दिवसांत पुन्हा घालते आणि खंगते. ती उकळून, गार करून परत ठेवावीत. जोडी तेवढे दिवस बसून सोडून देते. एप्रिल ते जून नर-माद्या वेगळ्याच ठेवाव्यात, या उन्हात पिल्ले तगत नाहीत.

पलटी रक्तातून येते. खोल पलटीचे, म्हणजे पलट्या खात फार खाली येणारे, नर-मादी जोडले तर पिल्लांना ती आवरत नाही, छतावर नाहीतर विजेच्या तारांवर आपटतात. लोकांच्या अंगणात मेलेला पक्षी पडतो तो यामुळेच. असे पक्षी उडवू नयेत, जोडीलाही लावू नयेत. हौशी माणसाला हे जिवावर येते, म्हणूनच अट लेखी हवी.

श्वासाची तक्रार मात्र हसण्यावारी नेऊ नये. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ फुप्फुसाला सुजवते. कोरडे झाडणे बंद, आधी पाणी शिंपडायचे, मास्क लावून खरवडायचे, रोजच्या रोज. खत झाकलेल्या खड्ड्यात कुजवून संत्र्याला घालता येते. ज्या घरी दम्याचा रुग्ण आहे त्याच्या भिंतीला लागून ढाबळीची परवानगी देऊच नये.

समितीने कोणत्याही दिवशी न सांगता पाहणी करावी. दोनदा घाण सापडली तर परवानगी रद्द करावी, आमची हरकत नाही.

आपले,
कबुतर पाळणारे प्लॉटधारक