आई, डोळ्यांची काळजी नको

डेल्फ्ट, नेदरलँड्स, रविवार

ती. आई-बाबांना सा. न.

आई, फोनवर तू परत तेच, अंधाऱ्या खोलीत लेझरसमोर बसून डोळे जातील. अगं नाही जाणार. माझा लेझर १५५० नॅनोमीटरचा, लांबच्या फायबर केबलमधून इंटरनेट नेतात त्याच जातीचा. दिसत नाही म्हणून तर चष्मा नेमाने लावते.

बाबा, तुम्ही विचारलंत नक्की करतेस काय. सिलिकॉनचा पातळ थर, जाडी २२० नॅनोमीटर, त्याला जाळीसारखी भोकं. अलीकडे एक नक्षी, पलीकडे दुसरी, दोघींच्या शिवेवरून प्रकाश धावतो. धावताना त्याचं विद्युतक्षेत्र गोल फिरतंही, ते त्याचं स्पिन. (१९३१ मध्ये रामन आणि भगवंतम यांनी फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणाच्या, स्पिनचा पुरावा प्रयोगातून मांडला होता, तुम्हाला आवडेल म्हणून सांगते.) शिवेवर योग्य जागी उजवा फिरणारा एकीकडे निघतो, डावा बरोबर उलटीकडे, आणि कोपरा आला तरी फारसा मागे येत नाही. पण भोकाच्या कडेपासून जरा सरकलं की फिरण्याची दिशाच बदलते, म्हणून सुईचं बारीक टोक चिपच्या अगदी जवळ नेऊन मी जागोजाग मोजते. परवा टोक मोडलं, दोन दिवस गेले. पण नवीन टोकाने नकाशा उमटला, फिरण्याच्या दोन दिशांचे लाल-निळे ठिपके एकाआड एक, तेव्हा मी एकटीच हसत बसले होते.

इथे वाढदिवसाची एक पद्धत आहे, मला अजून पचत नाही. केक ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा, आणि अभिनंदन सगळ्यांचं करायचं! मैत्रिणीच्या घरी गेले तर सगळे गोल करून खुर्च्यांवर, एकेकाचा हात हातात घेऊन आईला मुलीबद्दल, आजोबांना नातीबद्दल, शेजारणीलासुद्धा अभिनंदन, आणि मलाही, मैत्रिणीबद्दल. बाबांच्या साठीला मी इथे कुणाला सांगितलंच नाही, नाहीतर माझंही केलं असतं सगळ्यांनी.

३०० युरो पाठवलेत, सोसायटीच्या रिपेअरिंगला वापरा, परत करायचं बोलू नका. दादाच्या साखरपुड्याला नाही गं जमत, मोजणीची पाळी त्याच आठवड्यात आलीय, बदलून मागितली पण नाही मिळाली. लग्नाला नक्की, तिकीट बघून ठेवलंय. आणि ते डोंबिवलीचं स्थळ, त्यांना ताटकळत ठेवू नका, थीसिस होईपर्यंत मी काही ठरवणार नाही.

माझी मोरपंखी पैठणी वरच्या खणात आहे, होणाऱ्या वहिनीला साखरपुड्याला दे. ब्लाउज पिशवीतच आहे, नौपाड्यातल्या टेलरकडे आधी दाखव, बाही लागेल तिला.

तुमची,
चिमी