भूकंपाचा आकडा छापता, तसं माणसांनाही विचारा ना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भूकंपाचा धक्का बसला की दुसऱ्या दिवशी सगळ्याच पेपरात तीच बातमी, इतके रिश्टर, केंद्र अमुक ठिकाणी, नागरिक भयभीत, जीवितहानी नाही. झालं, संपलं. आता नागरिक भयभीत म्हणजे नेमकं काय झालं हे कोणी सांगतच नाही. खरं तर हलका धक्का असला की बऱ्याच जणांना त्या क्षणी हा भूकंप आहे हेच कळत नाही, घाबरायचं ते नंतर टीव्ही बघून घाबरतात.

मध्यंतरी असाच एक धक्का बसला तेव्हा मी खुर्चीत मोबाइल बघत बसले होते. आधी वाटलं चक्कर येतेय, बीपी वाढलं बहुतेक. मग वाटलं मागून कोणीतरी खुर्ची हलवतंय म्हणून चिडून वळून बघितलं तर मागे कोणीच नाही. बंद असलेला पंखा दांडीसकट हलतोय आणि लोखंडी कपाटाची कडी आपली आपण खडखडतेय हे बघितलं तेव्हा कुठे ट्यूब पेटली, तोवर सगळं थांबलं पण होतं! तळमजल्यावरच्या काकूंना काही म्हणजे काहीच जाणवलं नाही, उलट तुम्हा लोकांना काहीही भास होतात म्हणाल्या. सगळ्यात वरच्या मजल्यावरचा मुलगा मात्र अनवाणी जिने उतरून खाली आला होता आणि सगळे त्यालाच हसत होते बिचाऱ्याला.

पण खोटं कोणीच बोलत नव्हतं. लांबच्या मोठ्या भूकंपाच्या ज्या लाटा इथवर पोचतात त्या संथ असतात, बैठ्या घराला त्यांचं काही वाटत नाही पण उंच इमारत झुलते. २००१ ला भूजचा भूकंप झाला तेव्हा पार मुंबईतल्या उंच बिल्डिंगमधल्या लोकांनाही तो जाणवला होता. २०२५ च्या मार्चमध्ये म्यानमारला भूकंप झाला आणि हजारेक किलोमीटर लांब बँकॉकमध्ये टॉवरवरच्या स्विमिंग पूलचं पाणी खाली सांडताना आपण सगळ्यांनी व्हिडिओत बघितलं, तिथे बांधकाम चालू असलेली एक इमारत तर कोसळलीच. त्यात पुन्हा खालची जमीन कशी आहे त्यावरही असतं, १९८५ ला मेक्सिको सिटीचे एवढे हाल झाले कारण शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेला, केंद्र साडेतीनशे किलोमीटर लांब असून.

काही जण सांगतात आधी खालून घुर्रर्र असा आवाज आला आणि मग हललं, त्यांनाही लोक वेड्यात काढतात. अहो, भूकंपाची पहिली लाट जोरात धावते पण तिचा धक्का बारीक असतो, कधी तिचा नुसता आवाजच येतो, जास्त हलवणारी दुसरी लाट मागून येते. कुत्री आधी भुंकायला लागतात ती बहुतेक याच पहिल्या लाटेने. मोबाइलवर काही सेकंद आधी अलर्ट येतो तोही याच जोरावर, भविष्य बिविष्य काही नसतं त्यात. (अर्ध्या तासात याहून मोठा येणार, नासाने सांगितलंय, असे मेसेज पुढे ढकलणाऱ्या काकांनी हे वाचावं. अमुक वाजता भूकंप येणार हे आजवर कोणालाच सांगता आलेलं नाही.)

माझं म्हणणं एवढंच की रिश्टरचा आकडा एकच असतो पण कुठे किती जाणवलं ते दर गल्लीत वेगळं असतं. त्यासाठी मर्केली नावाची वेगळी बारा पायऱ्यांची मोजपट्टी आहे आणि ती चक्क लोकांच्या अनुभवांवरच उभी आहे. तिसरी पायरी म्हणजे घराजवळून ट्रक गेल्यासारखं वाटतं, भूकंप आहे हे अनेकांना कळतही नाही. पाचवीला झोपलेले जागे होतात, लंबकाची घड्याळं बंद पडू शकतात. १८९७ च्या आसामच्या भूकंपावर ओल्डहॅम या भूगर्भशास्त्रज्ञ साहेबांनी जो जाडजूड रिपोर्ट लिहिला त्यातही ठिकठिकाणच्या लोकांनी सांगितलेलं आहे, आणि जुन्या भूकंपांचा अभ्यास करणारे आजही त्या काळची पत्रं आणि वर्तमानपत्रं धुंडाळतात. उद्या कोणी आजचे पेपर उघडले तर त्याला काय मिळणार, नागरिक भयभीत?

तर विनंती अशी की धक्का बसला की दुसऱ्या दिवशी अर्धा कॉलम वाचकांना द्या. एक ईमेल आणि एक व्हॉट्सॲप नंबर छापा आणि चारच गोष्टी विचारा, तुम्ही कुठे होता, कितव्या मजल्यावर, बसलेले होता की चालत होता, काय हललं. चालणाऱ्याला आणि गाडीतल्याला बऱ्याचदा जाणवतच नाही म्हणून ते विचारणं गरजेचं आहे. आणि ज्यांना काहीच जाणवलं नाही त्यांचंही छापा, आमच्या तळमजल्यावरच्या काकू नक्की कळवतील.

आपली,
एक नेहमीची वाचक